गावाकडच्या दारावर कॅमेरा बसवायचा म्हणजे

मागच्या वर्षी सोयाबीन निघालं आणि त्याच आठवड्यात आमच्या विहिरीवरची मोटरची केबल चोरीला गेली. केबल म्हणजे नुसती वायर नसते, चोर त्यातल्या तांब्यासाठी नेतात, आणि इकडं ऐन हरभऱ्याच्या पेरणीत पाणी बंद पडतं. वडील, म्हणजे आमचे नाना, फोनवर एवढंच म्हणले, "गेली बग केबल," आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागले. मी संभाजीनगरात सिडकोत राहतो, गाव मानवतच्या पुढं, रेल्वेनं जालना-परतूर-सेलू करत मानवत रोडला उतरायचं आणि तिथून पुन्हा गाडी बघायची, म्हणजे रात्री काही झालंच तर मी सकाळच्या आत पोचत नाही. घरात दोघंच, नाना आणि माय, आणि ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत, सोयाबीनची पोती छतापर्यंत रचलेली. त्या रात्री मोबाइलवर कॅमेरे बघायला बसलो ते पहाटेपर्यंत बघतच होतो.

आता वर्ष झालं, घर आणि शेत धरून तीन कॅमेरे झाले, बरेच पैसे आणि चार-पाच चकरा गेल्या, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. गावाकडं आईवडील एकटे असलेले माझ्यासारखे खूप जण आहेत.

सगळ्यात आधी वायरलेस या शब्दाचंच बघा. डब्यावर वायरलेस लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा फक्त नेट बिनवायरचं असतं, लाइटची वायर लागतेच लागते. मला हे डबा फोडल्यावर कळलं. पूर्ण बिनवायरचा हवा असेल तर बॅटरीवाला, सोबत सोलरची छोटी प्लेट असलेला घ्यावा लागतो, आणि जिथं वायफायच नाही तिथं सिमकार्ड टाकायचा फोर-जीवाला. ह्या तीन जाती वेगळ्या आहेत आणि तिघांची कामंही वेगळी. दुकानात गेलं की पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा असतो, दोन का तीन का चार, पण दारावर आलेला माणूस ओळखायला दोन मेगापिक्सेलही पुरतो, फक्त तो माणूस कॅमेऱ्याच्या पंधरा-वीस फुटांत यायला पाहिजे. प्रश्न विचारायचाच तर लाइट कुठून घेणार, नेट कुठून येणार आणि ऊन किती लागणार हे आधी विचारा.

आमचं घर जुनं, माळवदाचं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात रुंद. ड्रिल लावलं की दगड लागतच नाही, नुसती भुसभुशीत माती गळत राहते आणि बोटाएवढ्या भोकाचं मुठीएवढं भगदाड होतं, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी काय धरणार. दोन भोकं अशी वाया गेल्यावर नानांनी माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं आणि दारावरच्या सागवानी तुळईकडं बोट केलं. "भितीला कामून मारायलास, हिला मार. माझ्या आज्याच्या काळची हाय, हालायची न्हाई." लाकडाचे चार स्क्रू घातले, कॅमेरा अजून तसूभर हललेला नाही.

पण त्याच भिंतींनी वायफाय मात्र खाऊन टाकलं. राउटर मधल्या खोलीत, कॅमेरा बाहेर दारावर, अंतर जेमतेम तीस फूट, आणि चित्र दर मिनिटाला अडकायचं. बहुतेक असे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राउटरवर फाइव्ह-जी नावाचं दुसरं वायफाय दिसतं त्याला ते जोडलेच जात नाहीत, आणि ते बरंच आहे कारण भिंतीतून २.४वालंच जास्त लांब जातं. तरी मातीच्या रुंद भिंती आणि वर पत्रा असेल तर त्याचंही काही चालत नाही. मी बूस्टरच्या नादी लागणार होतो, शेवटी राउटरच उचलून ढाळजेच्या खिडकीत नेला, काम झालं. तुम्ही कॅमेरा बसवायच्या आधी मोबाइल घेऊन नेमक्या त्या जागी उभं राहा, दार लावून घ्या, आणि मोबाइलवर व्हिडिओ नीट चालतो का बघा, तिथं मोबाइल अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

मग लाइट. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की मला काहीच दिसत नाही, आणि अंधारातच तर बघायची गरज. राउटरला आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, पॉवर बँकेएवढाच असतो, दोन-तीन तास निघतात. कॅमेऱ्यांवर एवढे पैसे घातले पण सगळ्यात जास्त उपयोग ह्याच डबीचा झाला असं मला वाटतं.

दुसरा कॅमेरा फाटकावर, बॅटरी आणि सोलरवाला. हा चोवीस तास रेकॉर्ड करत नाही, झोपून असतो, समोर काही हाललं की जागा होतो. जागं करायला त्यात पीआयआर नावाचा सेन्सर असतो, तो अंगाची उष्णता ओळखतो, म्हणजे मागची भिंत-जमीन आणि पुढून जाणारं अंग ह्यांच्या उष्णतेतला फरक ओळखतो. आता आपल्या परभणीकडचा मे महिना डोळ्यापुढं आणा. पारा ४२-४३ वर, फाटकाची लोखंडी पत्री हात लावू देत नाही, भिंत रात्री आठलासुद्धा गरम, आणि माणसाचं अंग ३७ अंश. फरकच उरत नाही. मे महिन्यात दुपारी दूधवाला, पोस्टमन, पाहुणे फाटकातून येऊन गेले आणि मला अलर्ट एकाचाही नाही. आधी वाटलं कॅमेरा बिघडला, दुकानदारही तेच म्हणला, पण पहाटे चारला मात्र साधं मांजर गेलं तरी फोन वाजायचा. मग लक्षात आलं. अजून एक, हा सेन्सर आडवा चालणारा माणूस लवकर पकडतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. म्हणून मी कॅमेरा फाटकाच्या समोरून काढून बाजूच्या खांबावर नेला, माणूस आता डावीकडून उजवीकडं जातो आणि चेहरा येतो, आधी निम्म्या क्लिपमध्ये नुसत्या पाठीच दिसायच्या.

उन्हाचं दुसरं दुखणं बॅटरीचं. लिथियम बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं तिच्या माहितीतच असतं, आणि उन्हात टांगलेला काळा नाहीतर पांढरा डबा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून प्लेट वेगळी आणि कॅमेरा वेगळा असा घ्या, मध्ये दोन-तीन मीटर वायर असलेला, कॅमेरा वळचणीच्या सावलीत आणि प्लेट उन्हात. प्लेट दक्षिणेकडं तोंड करून, वीसेक अंश तिरकी. मी उन्हाळ्यात बसवली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, प्लेटवर दिवसभर ऊन, मी खूश. डिसेंबरात बॅटरी रोज थोडी थोडी उतरायला लागली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि आमच्या लिंबाची सावली सकाळी दहापासून प्लेटवर यायची, हे उन्हाळ्यात दिसणारच नव्हतं. त्यात मळणीयंत्र चाललं की सोयाबीनचा भुसा सगळ्या गावावर उडतो, प्लेटवर भुऱ्या रंगाचा थर. माय आता तुळशीला पाणी घालून आली की ओल्या फडक्यानं प्लेटही पुसते.

पावसाचं फार टेन्शन घेऊ नका, आयपी ६५ लिहिलेलं असलं की धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, आपल्याला तेवढं पुरे. फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबरी टोपण नीट दाबलंय का ते बघा.

आता मायचं. पहिला कॅमेरा मी असा लावला होता की दार, ओसरी आणि ओटा सगळं एकदम दिसावं, मला वाटलं जितकं जास्त दिसेल तितकं चांगलं. पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा नाना म्हणले तुझी माय ओट्यावर बसंना गेलीय. चाळीस वर्षं ती दुपारी त्या ओट्यावर बसून ज्वारी निवडती, शेजारच्या काकू येतात, गप्पा होतात, त्या काकूही यायच्या बंद झाल्या होत्या. मी विचारलं तर म्हणली, "काय सांगू बाबा, सारखं कोनीतरी बघायलंय वाटतंय. बसल्या जागी पदर नीट करावा लागतोय." मला फार वाईट वाटलं. चोराच्या भीतीनं लावलेल्या कॅमेऱ्यानं माझ्याच मायची बसायची जागा घेतली होती. त्या शनिवारी गाडी पकडून गेलो आणि कॅमेऱ्याचं तोंड बाहेर वळवलं, आता फक्त पायरी, दार आणि रस्त्याचा तुकडा दिसतो. ओटा दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. समोरचा हापसा थोडा फ्रेममध्ये येत होता, तिथं बायका पाणी भरतात, तो भाग ॲपमधून काळा करून टाकला, तशी सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. मग मायला मोबाइलवर दाखवलं की बघ एवढंच दिसतंय. काकूंनाही दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघी ओट्यावर.

अकाउंटचं एक सांगायलाच पाहिजे कारण हे सगळीकडं होतंय. पहिला कॅमेरा बसवायला आलेल्या पोरानं ॲप स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या मेलवर चालू केलं आणि मला नुसतं शेअर करून दिलं. म्हणजे मालक तो, मी पाहुणा. पोरगं साधं होतं, त्याच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या घराचं दार त्याच्या मोबाइलवर महिनाभर दिसत होतं. कॅमेऱ्यावरचं रिसेटचं बटण दाबून सगळं नव्यानं केलं. अकाउंट पहिल्यापासून आपल्या नंबरवर, पासवर्ड नवा, आणि लॉगिनला ओटीपी लागेल अशी सेटिंग चालू. घेतानाच डब्यावर एसटीक्यूसीचं प्रमाणपत्र असलेलं मॉडेल आहे का तेही विचारा, एप्रिल २०२५ पासून सरकारनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची ही तपासणी सक्तीची केली आहे.

मेमरी कार्डाचा हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचं चित्र साधारण एक एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, साठवलं तर दिवसाला अकरा जीबीच्या आसपास जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पाच-साडेपाच दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं चढायला लागतं. काही झालं तर त्याच दिवशी क्लिप उतरवून घ्या. आणि पोलिसात द्यायची वेळ आली तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या क्लिपवर विसंबू नका, तिचं चित्र दबलेलं असतं, मूळ फाइल आणि कार्ड जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जो नवा कायदा लागू झाला, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का हे मात्र आजच बघून घ्या.

रात्री पाखरं फार छळतात. पहिला पाऊस पडला की कॅमेऱ्याचा पांढरा दिवा लागायचा आणि त्यावर एवढी पाखरं की चित्रात नुसती बर्फासारखी भुरभुर, मागं कोळी जाळं विणणार, आणि रात्रभर अलर्ट. पांढरा दिवा बंद केला, दहा फूट लांब एक साधा बल्ब लावला, पाखरं तिकडं गेली.

तिसरा कॅमेरा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर, सिमवाला, विहिरीकडं तोंड करून. तिथं सिम घ्यायच्या आधी दोन-तीन कंपन्यांची सिमं मोबाइलमध्ये टाकून रेंज बघितली. लाइव्ह बघत बसलं की त्याच एक एमबीपीएसच्या हिशोबानं तासाला ४५० एमबी उडतात, म्हणून मी लाइव्ह बघतच नाही, नुसते अलर्ट.

ह्याच कॅमेऱ्याचा एक अलर्ट जानेवारीत रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी आला. अंगावर काटाच आला, उघडून बघितलं तर काळ्यापांढऱ्या चित्रात घोंगडं पांघरलेला एक माणूस हातात बॅटरी घेऊन विहिरीकडं चाललेला. चालीवरून ओळखलं. नाना होते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, आणि ते असे किती रात्री जात असतील हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, मी फोन करायचो तेव्हा "दिलं पाणी" एवढंच. त्या रात्री मी झोपलो नाही. पाच वाजता परत फिरताना दिसले, गुडघ्यापर्यंत चिखल.

सकाळी फोनवर बोललो, चिडलोही थोडा. ते म्हणले, "हरभऱ्याला पानी कोन देईल मग?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आमचं ठरलंय, जाताना कॅमेऱ्यासमोर बॅटरी दोनदा लावून विझवायची आणि येताना पुन्हा दोनदा. अंगाची हालचाल पकडायला कॅमेऱ्याला एक-दोन सेकंद लागतात म्हणून ते तिथं थांबून, वर बघून, मग लावतात. साडेतीन तासांत परतीचा अलर्ट आला नाही तर मी शेजारच्या दत्तूमामांना फोन करतो. दोनदा करावा लागला, दोन्ही वेळा नाना बांधावर गप्पा मारत बसले होते.

पुढच्या आठवड्यात जातोय. आखाड्यावरची प्लेट अजून फूटभर वर घ्यायचीय, तूर वाढलीय आणि सावली यायला लागलीय. नानांनी येताना बॅटरीचे सेल आणायला सांगितलेत.