राजीनामा, सॅलरी स्लिप आणि व्हिएतनाम

नोकरी सोडून एकटी परदेश फिरून आले म्हटलं की लोक हिमतीचं कौतुक करतात. हिमतीचं मला माहीत नाही, माझा जीव गेला तो तारखा जुळवण्यात. मी पुण्यात एका कंपनीत पेरोलला, म्हणजे पगार काढायच्या कामाला होते. दर महिन्याला कोणाचं तरी फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, माझ्या टेबलावरून जायचं, त्यामुळे माणूस बाहेर पडला की कागदावर त्याचं काय होतं हे रोजचं बघण्यातलं होतं. शेवटच्या दिवशी कंपनीचा आरोग्य विमा बंद. पगार थांबला की काही महिन्यांत सॅलरी अकाउंटचं साधं बचत खातं होतं आणि बऱ्याच बँकांत मिनिमम बॅलन्सचे मेसेज सुरू होतात. क्रेडिट कार्ड मागायला जावं तर आधी सॅलरी स्लिप दाखवा.

म्हणून राजीनामा टाकायच्या आधी, पगारदार आहे तोवर जे जे मिळतं ते पदरात पाडून घेतलं. स्वतःच्या नावावर वेगळी मेडिक्लेम पॉलिसी काढली. क्रेडिट कार्ड घेतलं. डेबिट कार्डावर परदेशातले व्यवहार चालू करून घेतले, कारण आपल्याकडे नवीन कार्डावर ती सोय मुळात बंद असते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे ना ते पाहिलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत गप्प बसले. तेवढी वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनीकडून ग्रॅच्युइटी मिळते. माझ्या वेळी तिचा हिशोब सोपा होता: शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ३०,००० असेल तर पाच वर्षांचे साधारण साडेशहाऐंशी हजार होतात. साडेचार वर्षांवर राजीनामा देऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना फोन करून ‘नाही बसत’ हे मलाच सांगावं लागायचं.

एक मात्र पक्कं ठरवलं होतं, फुल अँड फायनलच्या भरवशावर तिकीट काढायचं नाही. ते पैसे येतात तेव्हा येतात. प्रवासाचा खर्च आधीच साठवलेल्या आरडीतून, आणि परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंतचं भाडं ग्रॅच्युइटीतून, अशी वाटणी केली.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, रजा टाकून जा ना, नोकरी कशाला सोडतेस?” तिचं चुकत नव्हतं. पण पेरोलवाल्याला वीस तारखेनंतर पगार होईपर्यंत रजा मिळत नाही, आणि उरलेल्या दिवसांत कुठे लांब जाणार! आत्याने लग्नाचा विषय काढला, तो नेहमीप्रमाणे चहाबरोबर संपला. बाबा एवढंच म्हणाले, “पीएफला हात लावू नकोस.” नाही लावला.

देश निवडताना मनाला फारसं विचारलं नाही, कागदांना विचारलं. युरोपची हौस होती, पण शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) कंपनीचं रजेचं पत्र, सॅलरी स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर असा सगळा संसार लागतो. राजीनामा दिलेल्या बाईला रजेचं पत्र कोण देणार? शिवाय फी ९० युरो, आणि नकार आला तर ती गेलीच. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलर, ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो आणि अर्जासोबत सॅलरी स्लिप जोडायला सांगत नाहीत. फोटो, पासपोर्टचं पान, कुठून शिरणार, कुठून निघणार, एवढंच. फक्त अर्ज सरकारी साइटवरच करावा. तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे लावतात. आणि नाव. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव बहुधा एकाच रकान्यात असतं, ते व्हिसावर आणि तिकिटावर जसंच्या तसं यायला हवं. मी तीनही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवलं. पगाराच्या नोंदी तपासायची सवय, दुसरं काय.

मुंबईला इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारलंच, “क्या करते हो?” मी म्हटलं, “नौकरी छोड़ी है, घूमने जा रही हूँ।” साहेबांनी मान वर करून पाहिलं. “अकेले?” परतीचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग, व्हिसाची प्रिंट, प्रवास विमा अशी फाइल पुढे सरकवली. त्यांनी तिकिटाची तारीख पाहिली आणि शिक्का मारला. परतीचं तिकीट मागे-पुढे बघू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. विमान कंपनीही चेक-इनलाच ते मागू शकते.

पाठीवर सात किलोची सॅक, कारण स्वस्त तिकिटात तेवढंच बसतं. हनोईच्या विमानतळावरून शहरात यायला ८६ नंबरची बस आहे, टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यातून वाट काढत तीच पकडली. जुन्या वस्तीत बायकांच्या डॉर्ममध्ये पलंग घेतला, लॉकरचं कुलूप घरून नेलेलं. रस्ता ओलांडताना परदेशी पाहुणे थिजून उभे राहतात. आपण पुण्याचे, दुचाकींच्या लोंढ्यात सावकाश एका चालीने चालत राहायचं, गाड्या आपोआप वळसा घालतात.

खरी सावधगिरी नोटांची. तिथले एक लाख डोंग म्हणजे आपले साधारण साडेतीनशे रुपये, त्यामुळे पाकिटात एकदम लाखोंची श्रीमंती येते. त्यात २० हजाराची आणि ५ लाखाची नोट, दोन्ही निळसर. मी पाच लाखाच्या नोटा सॅकच्या आतल्या कप्प्यात वेगळ्याच ठेवल्या.

हनोईहून ‘हुए’ शहराला रात्रीच्या रेल्वेने गेले. सहा बर्थच्या डब्यात सर्वांत वरचा बर्थ सर्वांत स्वस्त. तिथे ताठ बसता येत नाही, पण झोपायलाच जायचंय तर बिघडलं कुठे. हुए ते दानांग मात्र दिवसा, डावीकडची खिडकी धरून. हाय वान घाटात गाडी समुद्राच्या इतकी कडेने जाते की सगळा डबा उठून त्या बाजूला येतो.

जेवणाची मला धास्ती होती, कारण मासळीचा सॉस तिकडे सगळ्यात असतो. पण पाटीवर ‘चाय’ असं काहीसं म्हणतात तो शब्द दिसला की ते शाकाहारी दुकान. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक शाकाहारच करतात, त्या दिवशी तर या दुकानांत जागा मिळत नाही. तोफू, भात, केळफुलाची कोशिंबीर. केळफूल पाहून आजीच्या हातची भाजी आठवली नाही तर नवल.

पैसे वाचवत होते, पण होई आनहून ‘मी सन’ला जायला हात आखडला नाही. पूर्वी या भागावर राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातला सर्वांत उंच बुरूज गेला; आता आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजी केली आहे आणि २०२० मध्ये ते काम चालू असताना वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. गवतात उघड्यावर बसलेल्या एका योनीपीठाला मी सवयीने प्रदक्षिणा घातली. शेजारचं फ्रेंच जोडपं काहीतरी नियम असेल म्हणून माझ्यामागोमाग फिरलं.

परत आल्यावर मुलाखतीत ‘गॅप’बद्दल विचारतात, ती भीती होतीच. विचारलंही. मी सांगितलं, फिरायला गेले होते. एचआरच्या बाईंनी पुढची दहा मिनिटं मला ई-व्हिसा, डॉर्म आणि शाकाहारी जेवण यांवरच प्रश्न विचारले, मग पगारावर घासाघीस सुरू झाली. आधीपेक्षा फार वाढ मिळाली नाही. नोटीस पिरियड मात्र मी नव्वद दिवसांचा तीसवर आणून घेतला.