काळीज नाही, मन

रविवार, रात्री पाऊण वाजता

आई आत्ताच झोपायला गेली. मी मात्र दिवा मालवून हॉलमध्येच बसले आहे. लिहिल्याशिवाय आज झोप यायची नाही.

कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकचा 'डिसिजन टू लीव्ह' हा सिनेमा आज तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेला खून कोणी केला यातच अडकले होते. दुसऱ्या खेपेला शेवट माहीत होता, म्हणून सुरुवातीपासूनच पोटात खड्डा पडला होता. आज आई शेजारी मटार सोलत बसली होती. पळणारी इंग्रजी सबटायटल्स तिला झेपत नाहीत, आणि मीही अधूनमधूनच गोष्ट सांगत होते. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "ही बाई तिथली नाही ना गं?"

मी चमकलेच. "तुला कसं कळलं?"

"बोलायच्या आधी थांबते. वाक्य मनात जुळवून बघते, मग तोंड उघडते."

आईला ना कोरियन येत ना चिनी. कानावर पडलं तर कुठली कुठली हेही तिला सांगता यायचं नाही. पण १९८१ साली धारवाडहून लग्न होऊन पुण्याच्या या घरात आली, तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. वाक्य जुळवेपर्यंतचं ते थांबणं तिनं वर्षानुवर्षं केलेलं आहे.

नायिका तांग वेईच्या अभिनयाचं मर्म मला दोन वेळा पाहून सापडलं नव्हतं, ते आईनं मटार सोलता सोलता सांगितलं. तांग वेई मूळची चीनची. या भूमिकेसाठी तिनं कोरियन शिकून घेतलं. तिनं रंगवलेली सो-रे चीनमधून बेकायदा आलेली, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करून पोट भरणारी बाई. नवरा इमिग्रेशन खात्यातला निवृत्त अधिकारी, गिर्यारोहणाचा नाद असलेला. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं बायकोच्या अंगावर गोंदवणारा. तो कड्यावरून पडून मरतो आणि चौकशीला येतो हे-जून, बुसानचा झोप हरवलेला डिटेक्टिव्ह. सो-रे कोरियन शिकली टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिका बघून. म्हणून तिच्या तोंडी जुने, भारदस्त शब्द येतात आणि भलत्याच जागी येतात. नवरा डोंगरावर गेला की काळजी वाटायची, "अखेर" मरेल की काय म्हणून, असं ती पोलिसाला सांगते.

त्या एका 'अखेर'नं संशय जागा होतो आणि प्रेमही तिथंच सुरू होतं. तांग वेई तो शब्द अगदी सरळ चेहऱ्यानं टाकते. तो भाषेची चूक आहे की खरं मन बाहेर आलं, हे तिच्या डोळ्यांत शोधत बसावं लागतं. मला आजही सापडलं नाही.

सोमवार

ऑफिसात दिवसभर तो 'अखेर' डोक्यात होता. त्याला कारण आहे.

बाबा २०१४ साली गेले. आठ महिने अंथरुणावर होते. आई सगळ्यांना फोन करून सांगत होती, "अखेर गेले हो." आत्यानं ते ऐकलं आणि पुढं कित्येक महिने मनात धरलं. जणू वाटच बघत होती, असं ती चुलत्यांकडे म्हणाली. आई मराठी शिकली ती रेडिओवरच्या बातम्या ऐकून आणि जुनी साप्ताहिकं वाचून. बातम्यांत लोक 'अखेर'च जातात. तिला वाटलं, दुःखाच्या वेळी वापरायचा हाच मानाचा शब्द. अजूनही तिचं "ते आमटी छान झालंय" सुटत नाही, कारण कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. आमटी ती का आणि वरण ते का, याचं उत्तर आमच्यापैकी कोणी तिला कधी देऊ शकलं नाही. पण 'तथापि', 'कदाचित', 'यथावकाश' हे शब्द स्वयंपाकघरात ती सहज बोलते.

आत्याला समजावून सांगायला हवं होतं. मी तेव्हा गप्प बसले. ते आजही टोचतं.

सोमवार, रात्री

हे-जून झालेल्या पार्क हे-इलबद्दल लिहायचं राहिलं. सगळे तांग वेईबद्दल बोलतात, पण तिला तोलून धरणारा हा माणूस आहे. हे-जून सभ्य आहे, टापटिपीचा आहे. कोटाला खिसेच खिसे आणि प्रत्येक खिशात काहीतरी कामाचं. डोळ्यांत सारखे ड्रॉप्स घालतो, जणू नीट दिसलं की सगळं समजेल. चौकशीच्या खोलीत तो संशयितेसाठी महागडी सुशी मागवतो. जेवण झाल्यावर दोघं मिळून टेबल आवरतात, न बोलता. एक डबे उचलतो, दुसरी पुसून घेते, कुणाचा हात कुणाच्या आड येत नाही. वीस वर्षं संसार केलेल्या जोडप्याचं आवरणं असतं तसं. त्या प्रसंगात ना स्पर्श आहे, ना प्रेमाचा संवाद. माझ्या मते सिनेमातलं लग्न तिथंच लागतं.

हे-जूनची खरी बायको जंग-आन. ली जंग-ह्यननं तिला खलनायिका होऊ दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. अणुऊर्जा प्रकल्पात नोकरी, बोलण्यात आकडेवारी, नवऱ्यावर माया आहे पण तीही वेळापत्रकात बसवलेली. ती जाते तेव्हा तिचं चुकलं असं वाटत नाही. सहकारी पोलिसाच्या भूमिकेतली किम शिन-यंग मूळची विनोदी कलाकार आहे, आणि पार्क चान-वूकनं तिच्याकडून एकही हुकमी विनोद करून घेतलेला नाही.

पार्क चान-वूकच्याच जुन्या 'ओल्डबॉय'मधला हातोडा ज्यांना आठवतो, त्यांना हा त्याच माणसाचा सिनेमा वाटणार नाही. इथं रक्त त्या मानानं फारच कमी. २०२२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात याच सिनेमासाठी त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. हे-जून दुर्बिणीतून तिच्या खिडकीकडे बघत असतो आणि कॅमेरा त्याला उचलून थेट तिच्या खोलीत नेऊन बसवतो. तिच्या सिगारेटची राख पडणार, तर हा रक्षापात्र पुढे धरतो. ती त्याला पाहू शकत नाही, तो तिथं नाहीच. पाळत आणि काळजी यांत फरक किती, हे पार्क चान-वूक एवढ्यात सांगून जातो.

उत्तरार्धातला सो-रेचा दुसरा नवरा मात्र मला कच्चा वाटतो. पहिल्या खुनात, सो-रे जिची शुश्रूषा करते त्या म्हातारीच्या फोनमधला चढलेल्या १३८ मजल्यांचा आकडा कसा अंगावर येतो! दुसऱ्या खुनात तसं काही होत नाही. धागेदोरे लक्षात ठेवण्यातच माझी दमछाक झाली.

बुधवार

पुन्हा दोन प्रसंग लावून पाहिले, थांबवत थांबवत.

पहिला. सो-रेनंच नवऱ्याला मारलं हे कळल्यावर हे-जून तिला म्हणतो की मी पार ढासळलोय. कोरियन शब्द 'बुंगवे', इमारत कोसळते त्याला वापरतात तो. स्वतःचा अभिमान, आपण चोख पोलीस आहोत हा भरवसा, सगळं त्या शब्दात जातं. आणि तेव्हाही तो तिला आदरार्थीच बोलतो, क्रियापद घसरू देत नाही. आवाज फक्त आत कुठेतरी फुटतो. तो पुराव्याचा फोन समुद्रात टाक, कुणाच्या हाती लागणार नाही इतक्या खोल टाक, एवढं सांगून तो निघून जातो. ती मागं राहते आणि तो शब्द शब्दकोशात शोधते. प्रेम कबूल केलेला माणूस दारातून बाहेर पडलाय आणि बाई अर्थ शोधते आहे. मला तिथं रडू आवरत नाही.

खूप पुढं ती त्याला म्हणते, तुम्ही माझ्यावर प्रेम आहे म्हणालात तेव्हा तुमचं प्रेम संपलं आणि माझं सुरू झालं. त्याला आठवतच नाही आपण असं कधी म्हणालो ते. तो शब्द त्यानं वापरलेलाच नव्हता. तिनं ऐकला होता.

दुसरा प्रसंग मांजराचा. मांजर मेलेला कावळा भेट म्हणून आणून टाकतं. सो-रे कावळ्याला पुरता पुरता मांजराला चिनीत म्हणते, मला काही द्यायचंच असेल तर त्या भल्या पोलिसाचं हृदय आण. हे-जून लपून ऐकतो आणि फोनवर भाषांतर लावतो. यांत्रिक आवाज कोरियनमध्ये शरीरातला अवयव सांगतो. खुनाचा संशय असलेली बाई आपलं काळीज काढून मागतेय! ती पुढं त्याला सांगते, काळीज नाही, मन म्हणाले होते मी.

आपल्याकडे हे दोन्ही शब्द आहेत हे किती बरं आहे. आई मात्र अजूनही 'माझं काळीज लागत नाही' म्हणते, मन लागत नाही म्हणायचं असतं तेव्हा. आम्ही भावंडं लहानपणी हसायचो.

आज रात्री जेवताना आईनं विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?" रविवारी ती शेवटाआधीच उठून गेली होती.

मी सांगितलं. ती समुद्रकिनाऱ्यावर वाळूत खड्डा खणते, आत बसून राहते, भरती येते. तो धावत तिथं पोचतो, त्याच जागेवर उभा राहून बुटाची नाडी बांधतो, हाका मारत पाण्यात फिरतो.

"त्याला कळतं?"

"नाही."

आई ताटात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पाप."

बाहेरच्या कुणाला वाटेल, तिनं न्याय केला. कानडीत कुणाची दया आली तरी 'पाप' म्हणतात. बिच्चारी, अशा अर्थानं. आम्हाला घरातल्यांना ते ठाऊक आहे.

"कोण? ती?" मी विचारलं.

"इब्बरू," आई म्हणाली. दोघंही. आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.