हाकेच्या अंतरावरचा फुटबॉल

टीव्हीवर फुटबॉल दिसतो, ऐकू येत नाही. ऐकू येतो तो समालोचक आणि त्याच्यामागचा गर्दीचा घोंगाट. महागाचं तिकीट काढून मोठ्या स्टेडियममध्ये जाऊन बसलं तरी फार फरक पडत नाही. खाली बावीस जण पळताना दिसतात. ते एकमेकांवर काय खेकसतात, नडगीला नडगी भिडली की कसा आवाज येतो, हे वरच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. ते ऐकायचं तर इंग्लंडात खालच्या, अगदी खालच्या लीगच्या मैदानावर जावं. तिथे प्रेक्षक दीड-दोनशे, त्यांच्यासोबत पाच-सहा कुत्री, आणि खेळाडू व आपण यांच्यामध्ये कमरेएवढा लोखंडी कठडा. बस्स.

उत्तर इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये राहणाऱ्या माणसाने शनिवारी ‘मॅचला चाललो’ म्हटलं की पुढचा प्रश्न शहरातल्या दोन मोठ्या क्लबांचा, ठरलेला: युनायटेड की वेन्सडे? दोन्ही नाही, स्टॉक्सब्रिजला चाललोय, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, आणि मग जरा सहानुभूतीने म्हणतो, ‘तिथं फार गार असतं हं.’ गार असतंच. डोंगराच्या अंगावर मैदान आहे, खाली पोलाद कारखान्याचं गाव, आणि वारा थेट मफलरच्या आत.

ज्यांना ही उतरंड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. पाचव्या पायरीपासून खालचं सगळं नॉन-लीग. पाचवीला देशभरातले क्लब एकाच लीगमध्ये असतात, सहावीला उत्तर आणि दक्षिण अशी वाटणी होते, आणि खाली उतरावं तसा मुलूख लहान होत जातो. नवव्या-दहाव्या पायरीवर आजूबाजूचेच क्लब उरतात. खेळणारा सेंटर फॉरवर्ड आठवडाभर नळजोडणी करतो, गोलकीपर शाळेत शिकवतो. मानधन म्हणावं तर पेट्रोलचे पैसे सुटतात, कधी त्याहून थोडे जास्त. तरीही शिडी सलग आहे. जिंकत राहिलं तर कागदावर तरी कुणालाही अगदी वरच्या पायरीपर्यंत, मँचेस्टर युनायटेडच्या प्रीमियर लीगपर्यंत चढता येतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे गल्लीतला क्लब आणि त्याच्यावर जीव टाकणारी माणसं ही माझ्यासाठी काही नवलाई नव्हती. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा: आमच्याकडे पेठेची तालीम असते आणि तालमीची फुटबॉल टीम असते. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच लागली की रेफ्रीची शिट्टी ऐकू येणं हा योगायोग. अख्खी पेठ ओरडत असते, आणि आपणही त्या ओरडण्यातच असतो. म्हणून इथे पहिल्यांदा अशा मॅचला गेलो तेव्हा मला चुकल्यासारखं झालं ते शांततेमुळे. एवढी मोकळी जागा, एवढा कमी आवाज, मॅच सुरू झाली आहे की नाही हेच कळेना. आणि मग कळलं की आवाज आहे, पुष्कळ आहे, फक्त तो आत आहे.

सगळ्यात जास्त बोलतो गोलकीपर. गोलच्या मागे कठड्याला टेकून उभं राहिलं की पंचेचाळीस मिनिटं त्याचं अखंड निरूपण ऐकायला मिळतं. ‘अवे! अवे!’ म्हणजे बॉल हाकला. ‘मॅन ऑन!’ म्हणजे पाठीवर माणूस आलाय. ‘टाइम!’ म्हणजे घाबरू नकोस, वेळ आहे. हे झालं सरकारी काम. त्याशिवाय त्याचं एक खासगी पुटपुटणं असतं, ते फक्त आपल्याला आणि त्याला. बॉल पलीकडच्या टोकाला असला की तो हातमोज्यांच्या पट्ट्या सोडतो, पुन्हा आवळतो, खांबाला बूट आपटून चिखल पाडतो आणि स्वतःच्या डाव्या बॅकबद्दल असं काही म्हणतो की ते इथे छापता येणार नाही. दोन मिनिटांनी त्याच बॅकने गोललाइनवरून बॉल काढला की ‘ब्रिल्यंट, सन, ब्रिल्यंट!’ मागचा म्हातारा प्रेक्षक त्याला चिडवतो, ‘आत्ता तर शिव्या घालत होतास.’ गोलकीपर मान न वळवता म्हणतो, ‘ते वेगळं.’ हा संवाद मोठ्या स्टेडियममध्ये शक्य आहे का, सांगा.

रेफ्रीचंही ऐकू येतं. खालच्या पायऱ्यांवर २०१९ पासून हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवायचा नियम आला. चांगला दांडगा सेंटर हाफ, चेहरा लाल, तोंडाने बडबडत कठड्यापाशी येऊन उभा राहतो, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली सातवी-आठवीतली मुलगी त्याला चिप्स देऊ करते. तो घेतो.

मध्यांतराला आणखी एक गंमत. टीमा बाजू बदलतात तशी माणसंही बदलतात. आपली टीम ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे उभं राहायचं, म्हणून सगळा जथा हातात ग्लास घेऊन मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालतो. ग्लास बिअरचे. १९८५ च्या कायद्याने वरच्या विभागांत मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. इथे तो कायदा लागू नाही. समोरून येणारे दुसऱ्या टीमचे लोक भेटतात, ‘काय, जमतंय का?’ म्हणतात, आणि आपापल्या टोकाला जातात. पोलिसांची दोरी नाही, घोडे नाहीत. कोल्हापुरात हे करून बघा, असं मी म्हणणार नाही.

खाण्यापिण्याचा विषय निघालाच आहे तर चहाच्या टपरीबद्दल बोलायला हवं, कारण मॅच वाईट झाली तर शेवटी तेच उरतं. आणि मॅच बऱ्याचदा वाईट होते. यॉर्कशरमध्ये ‘पाय’ (सारण भरून भाजलेली गरम पेस्ट्री) आणि मऊ शिजवलेले हिरवे वाटाणे मिळतात, आणि शेफील्डच्या आसपास त्यावर हेंडरसन्स रेलिश ओततात. हा काळा, पातळ, आंबट-तिखट रस इथेच १८८५ पासून बनतो, त्यात मांसमासळी काही नसते, आणि शेफील्डकर त्याच्याबद्दल जितक्या गांभीर्याने बोलतात तितक्या गांभीर्याने धर्माबद्दलही बोलत नाहीत. प्लॅस्टिकचा काटा पायच्या सालीवर वाकतो, मग चमच्याने भोक पाडायचं, वाफ चष्म्यावर येते, आणि नेमका तेव्हाच गोल होतो. बोव्हरिल नावाचं एक गरम पेयही असतं. ते गोमांसाच्या अर्काचं, त्यामुळे आईला फोनवर त्याचा उल्लेख ‘तिथला एक प्रकारचा काढा’ असा होतो.

शेफील्डला राहण्याचा मोठा फायदा म्हणजे या खेळाची जुनी पाळंमुळं इथे बसच्या तिकिटात बघता येतात. शेफील्ड एफसी हा जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब, स्थापना १८५७. तो आता शहरातही नाही. दक्षिणेला ड्रॉनफील्डमध्ये एका पबच्या मागच्या मैदानावर खेळतो. २००४ मध्ये फिफाने आपला ऑर्डर ऑफ मेरिट दोनच क्लबांना दिला: रिआल माद्रिद आणि हे. दोघांपैकी एकाच्या दारात गाडी लावायला जागा सहज मिळते. २०११ मध्ये या क्लबने खेळाच्या मूळ हस्तलिखित नियमांसह आपली जुनी कागदपत्रं लिलावात काढली आणि त्याचे ८ लाख ८१ हजार पौंड आले. खेळाचे नियम ज्यांनी लिहिले त्यांनाच ते विकावे लागावेत, याचं मला वाईट वाटायचं. पण ड्रॉनफील्डच्या कठड्याला टेकल्यावर वाटतं, कागद गेला तर गेला, क्लब चालू आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉसपूलच्या चढावर, हॅलम एफसीचं सँडीगेट. १८०४ पासून इथे क्रिकेट होतं, १८६० मध्ये फुटबॉल आला, आणि त्या वर्षी २६ डिसेंबरला शेफील्ड आणि हॅलम इथे भिडले. दोन क्लबांमधली जगातली पहिली मॅच. शेफील्ड २-० ने जिंकलं. गिनेस बुकात जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून नोंद आहे याचीच. मी अपेक्षेने गेलो होतो की काहीतरी भारावून टाकणारं असेल. आधी नजरेत भरला तो उतार. मैदान एका बाजूला चक्क कलंडलेलं आहे. वरच्या बाजूने खाली खेळणाऱ्याचा पास हातभर पुढे जातो, खालून वर खेळणाऱ्याचा मागे राहतो, आणि पाहुण्या टीमचा विंगर पंधरा मिनिटं आपल्याच बुटांकडे संशयाने बघत असतो. यजमानांना सवय असते. दीडशेपेक्षा जास्त वर्षांत कुणी ते सपाट केलं नाही, हे मला त्या नोंदीपेक्षा जास्त आवडलं.

पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती फ्रिकलीची. साउथ एल्मसल हे कोळशाच्या खाणीचं गाव, आणि फ्रिकली अॅथलेटिक हा खाणीचा क्लब. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप वर्षभर चालला, घरोघरी चुली थंडावल्या. संप मोडला, आणि त्याच्या पुढच्याच हंगामात, १९८५-८६ मध्ये, हा क्लब पाचव्या पायरीवर दुसरा आला. वर एनफील्ड. त्या काळी अव्वल आलेल्यालाही वरच्या विभागात आपोआप प्रवेश नव्हता. वरचे क्लब मतदान करून ठरवायचे कोणाला घ्यायचं. आपोआप बढतीचा दरवाजा एका वर्षाने उघडला आणि १९८७ मध्ये पहिला आत गेला तो स्कारबरो. खाण १९९३ मध्ये बंद झाली. क्लब मात्र आहे, त्याच मैदानावर. तिथे ज्यांच्या शेजारी मी उभा राहतो त्यांतले काही जण खाणीत उतरलेले आहेत, खोकल्यावरून कळतं. ते संपाबद्दल बोलत नाहीत. ते डाव्या विंगबद्दल बोलतात, की हा पोरगा आत का वळतो, सरळ का जात नाही. मीही त्यात मत देतो. माझं मत ऐकून घेतलं जातं, हे महत्त्वाचं. पन्नास-साठ हजारांत माझ्या मताला कोण विचारतो?

स्टॉक्सब्रिजला एका स्टँडला जेमी वार्डीचं नाव आहे. तो इथे आठवड्याला तीस पौंडांवर खेळायचा आणि दिवसा कारखान्यात वैद्यकीय स्प्लिंट बनवायचा. २०१६ मध्ये त्याच्या लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. फक्त एवढंच, की त्या डोंगरावर वाऱ्यात पळणाऱ्या कुठल्याही पोराकडे बघताना ती एकदा तरी मनात येते, आणि पुढच्या मिनिटाला तो पोरगा बॉल थेट शेजारच्या बागेत मारतो.

या मैदानांवर एक वेगळी जमात हटकून भेटते. पाठीवर पिशवी, हातात मॅचची पुस्तिका आणि वही. हे ग्राउंडहॉपर. वरची ९२ मैदानं पाहून झालेल्यांचा तर १९७८ पासून रीतसर क्लबच आहे; त्याच्याही पुढचे लोक खालची शेकडो मैदानं मोजतात. त्यांचे कायदे कडक. काहींच्या लेखी ०-० झालेली मॅच धरायचीच नाही. काहींना पुस्तिका मिळाली नाही तर भेट बाद. पूर्ण नव्वद मिनिटं उभं राहिलंच पाहिजे. एकाने मला सांगितलं की तो आदल्या शनिवारी स्कॉटलंडच्या टोकाला गेला आणि तिथे गोल झाला नाही, म्हणून पुन्हा जाणार. माणसं गोड असतात, रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. पण मला हा हिशेब पटत नाही. एक मैदान एकदा बघून काय कळतं? त्या गोलकीपरचं पुटपुटणं कळायला दुसऱ्यांदा यावं लागतं. तिसऱ्यांदा आलं की चहाच्या टपरीवरची बाई न विचारता साखर कमी घालते. वहीत त्यासाठी रकाना नाही.

करोनाच्या वर्षी एक विचित्र गोष्ट झाली. स्टेडियम रिकामी पडली आणि टीव्हीवर प्रीमियर लीगचे खेळाडू पहिल्यांदाच सलग ऐकू येऊ लागले. ‘मॅन ऑन’, ‘टाइम’, तीच भाषा, तेच खेकसणं. मला वाटलं, आता सगळ्या जगाला कळेल. चॅनेलवाल्यांनी मात्र व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज आणून त्यावर चढवला. लोकांना तोच हवा होता म्हणे. त्याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीत आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबकडे, लहान-मोठे सगळे क्लब जिथे एकमेकांना भिडू शकतात त्या एफए कप स्पर्धेसाठी, प्रीमियर लीगमधलं टॉटनहॅम आलं. त्यांचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो त्या चिमुकल्या डगआउटमध्ये बसले होते, आणि शेजारपाजारचे लोक आपापल्या परसातून मॅच बघत होते. क्लबने येऊ न शकणाऱ्यांसाठी ऑनलाइन तिकिटं विकली, ती तीस हजारांच्या वर गेली. मरीन ०-५ ने हरले. त्या परसात उभ्या असलेल्यांचा मला अजून हेवा वाटतो.

हे सगळं चालवणारी माणसं मात्र फुकट राबतात. फाटकावर आठ-दहा पौंड घेऊन सुटे मोजणारा गृहस्थ, पावसात गवतावर काट्याचं फावडं टोचत फिरणारा मैदानवाला, मॅचनंतर चिखलाने माखलेल्या जर्सी धुवायला घरी नेणारी कुणाची तरी आई. पाऊस झाला की सकाळी रेफ्री येऊन मैदान तपासतो, आणि अकरा-साडेअकराला फोनवर निरोप येतो: मॅच रद्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझे शनिवार या निरोपावर टांगलेले असतात. ज्यांच्याकडे प्लॅस्टिकचं गवत आहे त्यांची मॅच पावसातही होते, आणि नाइलाजाने आम्ही तिकडे जातो. तिथे सगळं नवं, सपाट, स्वच्छ. बॉल कुठेही अडत नाही, गोलकीपर खांबाला बूट आपटत नाही, आणि टपरीऐवजी एक कॅफे आहे जिथे हेंडरसन्स मागितला की केचप देतात.

येत्या शनिवारी फ्रिकली घरच्या मैदानावर आहे. हवामान खातं म्हणतंय शुक्रवारी रात्री पाऊस. थर्मल काढून ठेवलेत, आणि सकाळी अकरापर्यंत फोन हातातून सोडणार नाही.