मियोचा पूल आणि दारावरचं फूल
आज दक्षिण फ्रान्समधला मियोचा पूल मान दुखेपर्यंत बघितला. तार्न नदीच्या खोऱ्यावर सात खांब, लांबी जवळपास अडीच किलोमीटर, आणि सर्वांत उंच खांबाचं टोक आयफेल टॉवरच्याही वर! २००४ मध्ये हा पूल सुरू होण्याआधी सुट्ट्यांत दक्षिणेकडे निघालेल्या गाड्या खाली मियो गावात तुंबायच्या.

दुपारी लार्झाक पठारावरचं ला कूव्हेर्त्वाराद हे गाव. टेम्प्लरांचा (मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा) किल्ला बाराव्या शतकातला, तटबंदी पंधराव्या. दारांवर मोठं वाळलेलं काटेरी फूल ठोकलेलं असतं. हवेत ओल वाढली की ते मिटतं, म्हणजे पाऊस येणार. हात लावला, कडक आणि खरखरीत. वेशीबाहेर मेंढ्यांसाठी फरसबंद तळं. रोकफोर चीज याच भागातल्या मेंढ्यांच्या दुधाचं.

इकडे आलात तर नुसता पूल ओलांडून पुढे जाऊ नका, या गावाला अर्धा दिवस द्याच.