पिकलबॉल कोर्टच्या टाइल्स: आधी पालथ्या करून बघा

इंटरलॉकिंग, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइलचं सॅम्पल आलं की रंगाची चर्चा बाजूला ठेवा आणि टाइल पालथी करा. खालच्या रिब (आधाराच्या उभ्या पट्ट्या) दाट आणि एकाच उंचीच्या हव्यात. काचेवर ठेवून चारही कोपरे दाबले, तर एकही डुगडुगता कामा नये.

मग लॉक, म्हणजे टाइल्स जोडणारी खाच. साध्या लॉकमध्ये टाइल्स एकमेकींना घट्ट भिडतात. स्प्रिंगच्या लवचिक लॉकमध्ये प्रत्येक सांध्याला किंचित हालचाल मिळते, आणि आपल्या उन्हात तीच कामाला येते. टाइलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तापलं की चांगलंच वाढतं. ६० बाय ३० फुटांच्या कोर्टात तापमान ३० अंशांनी वाढलं, तर लांबी सुमारे ५ सेंमी वाढू पाहते. घट्ट लॉक असतील आणि टाइल भिंतीला टेकली असेल, तर मधोमध फुगवटा येणारच. म्हणून चारही कडांना ४ सेंमी मोकळे सोडा, नेटच्या खांबाभोवतीचं भोक सैल कापा, आणि टाइल स्क्रूने काँक्रीटला कधीही पकडू नका.

विक्रेते वजन दाखवतात, पण वजनावर जाऊ नका. टाइलचा छोटा तुकडा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. कॅल्शियम कार्बोनेटची पावडर भरपूर मिसळलेला तुकडा बुडतो. अशी टाइल जड असली तरी तिचे लॉक ठिसूळ असतात. रिसायकल केलेला माल मात्र यात पकडला जात नाही, तोही तरंगतो. त्यासाठी ऊन सोसण्याची वॉरंटी लेखी घ्या.

उघड्यावर जाळीचीच टाइल घ्या, पाणी खाली निघून जातं. सलग पृष्ठभागाची टाइल छताखाली ठीक.

चांगल्या टाइललाही खालचा कोबा नीट लागतो. ३ मीटरची पट्टी फिरवली तर खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. ढाळ १०० ला १. खड्ड्यावर बसलेली टाइल पोकळ वाजते आणि तिथे चेंडू मरतो. एकसारख्या उसळीत अ‍ॅक्रिलिक कोर्ट (कोब्यावरच रंगाचे थर दिलेलं) टाइलपेक्षा सरसच आहे. मात्र कोब्याला तडा गेला की तो अ‍ॅक्रिलिकवर उमटतो, टाइल तो झाकून घेते. गच्चीवर टाइलचा आवाज खालच्या घरात जातो, हे आधीच सांगून ठेवावं.

६० बाय ३० फुटांच्या कोर्टाला १ फुटाच्या टाइल्स १,८०० लागतील, २५ सेंमीच्या सुमारे २,७००. वर ५ टक्के जादा, त्याच बॅचच्या; नंतर रंग जुळत नाही. एका कोपऱ्यापासून दोरीने काटकोन धरून सुरुवात करा. लॉकच्या कड्या (गोल वेढे) असलेली बाजू पुढे ठेवली की पुढच्या टाइलच्या पिना वरून दाबून बसतात. रबरी हातोडा पुरतो.

रेषा २ इंचांच्या. पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, त्यामुळे आधी त्याचाच प्रायमर, मग दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. मास्किंग टेप रंग ओला असतानाच काढा.