दालीत राहायचं तर शियाग्वानमध्ये

चीनच्या युनान प्रांतातल्या दालीचे जे फोटो आपल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक जुन्या गावाचे असतात. दगडी रस्ते, राखाडी कौलं, पाठीशी त्सांगशानचा डोंगर आणि समोर अरहाय तलाव. चार दिवस फिरायला ते गाव सुरेखच आहे. पण काही महिने राहायचं असेल आणि पैशांचा हिशेब सांभाळायचा असेल, तर बिऱ्हाड शियाग्वानमध्ये करावं, असं माझं ठाम मत झालंय. तलावाच्या दक्षिण टोकाला वसलेलं हे नवं शहर. रेल्वे स्टेशन, मोठी इस्पितळं, सरकारी कचेऱ्या, भाजी मंडया सगळं इथेच. चिनी भाषेच्या एका सत्रासाठी मी आले होते. वर्ग जुन्या गावाजवळच्या विद्यापीठात भरायचे, तरी मी शियाग्वानमध्येच राहिले आणि रोज बसने ये-जा केली. अंतर साधारण १३-१४ किलोमीटर, तिकीट अगदी थोडं.

भारत आणि चीनमधली थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मी कोलकात्याहून ग्वांगझौला उतरले, तिथून कुनमिंग, आणि कुनमिंगहून वेगवान रेल्वेने दाली. हा शेवटचा टप्पा सुमारे दोन तासांचा. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं आणि पासपोर्ट हेच तिकीट असतं. फाटकावरच्या यंत्राने तो वाचला नाही तर बाजूला कर्मचारी असतो, त्याच्याकडे सरळ जावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे नोंदणी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच तुमची नोंद पोलिसांकडे करतं. भाड्याच्या घरात किंवा ओळखीच्यांकडे राहिलात तर २४ तासांच्या आत त्या भागातल्या पोलीस ठाण्यात तुम्ही स्वतः किंवा तुमच्या यजमानाने नोंद करायची, हा कायदा आहे. पासपोर्ट, व्हिसा, भाडेकरार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत लागते. घर बघायला जाल तेव्हाच मालकाला विचारा, ‘नोंदणीसाठी माझ्याबरोबर याल ना?’ जो टाळाटाळ करेल त्याचं घर कितीही छान असलं तरी सोडून द्या. मिळालेला कागद जपून ठेवा, घर बदललं की पुन्हा नोंद करा. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-२ व्हिसा असतो. त्याहून मोठा अभ्यासक्रम असेल तर एक्स-१, आणि त्यावर चीनमध्ये आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पर्यटक व्हिसावर शिकवण्या घेऊन खर्च भागवू, असा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. ते बेकायदा आहे.

भाडं बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचं एकदम आणि वर एका महिन्याचं डिपॉझिट असं मागतात. म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांचे पैसे हाताशी हवेत. साधा फ्लॅट महिना दीड हजार युआनच्या आसपास मिळू शकतो. जुन्या गावात तलाव दिसणारी खोली हवी असेल तर गणित पार वेगळं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत तर विचारूच नका.

पैसे सगळीकडे मोबाईलवरून. अलीपे आणि वीचॅट या चिनी ॲप्सना परदेशी कार्ड जोडता येतं. एका वेळी २०० युआनच्या आत खर्च केला तर शुल्क नाही, वर गेलात तर ३ टक्के. हे सगळं घरून निघण्यापूर्वीच जोडून घ्या, कारण बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तो नंबर आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालू ठेवला की व्हॉट्सॲपही चालतं. चिनी सिमवर व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही बंद. नकाशासाठी गाओदे हे ॲप घ्या.

खाण्याबद्दल मात्र मला भरभरून लिहायचंय. शाकाहारी माणसाला चीनमध्ये उपासमार होते, ही समजूत दालीत टिकत नाही. इथल्या खानावळींच्या दारातच भाज्या मांडून ठेवतात. बोट दाखवायचं, ते परतून देतात. तलावात वाढणारी हायत्साय नावाची भाजी अळकुड्यांबरोबर शिजवतात, ती अवश्य खा. आणि इथले बाय जमातीचे लोक दूध नासवून ‘रूबिंग’ करतात, जे जवळजवळ आपलं पनीरच. तव्यावर खरपूस भाजून देतात. मला तर पहिल्या घासालाच भरून आलं. फक्त एक सावधगिरी बाळगा. भाजी शाकाहारी दिसली तरी डुकराची चरबी आणि चिकन पावडर पडलेली असू शकते. मोबाईलवर चिनीत लिहून ठेवा: मांस नको, चरबी नको, चिकन पावडर नको. अगदी निर्धास्त जेवायचं असेल तर त्सांगशानच्या पायथ्याशी असलेल्या जीझाओ आन या भिक्षुणींच्या मठात दुपारी जा. २० युआनमध्ये शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. पानात घेतलेलं सगळं संपवायचं, हा तिथला नियम. घरी रांधायचं असेल तर हिरवे मूग कुठल्याही मंडईत मिळतात. मसाले तेवढे भारतातून न्या.

दाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे. ऊन कडक, सावलीत गारठा. घरांना हीटर नसतात, म्हणून विजेवर चालणारं अंथरूण आल्याआल्याच घ्या. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात शियाग्वानमध्ये सोसाट्याचा वारा सुटतो. छत्री उलटी होते, तेव्हा रेनकोट बरा. घड्याळ बीजिंगच्या वेळेवर, म्हणजे आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे इथे सूर्य उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो.

मे ते सप्टेंबर पावसाळ्यात बाजार रानटी अळिंब्यांनी भरून जातो. त्यातल्या काही नीट शिजवल्या नाहीत तर विषारी ठरतात. त्या घरी आणून प्रयोग करू नयेत. मोठ्या, चालत्या खानावळीतच खाव्यात, आणि शिजल्या असं वाढणारा सांगेपर्यंत भांड्यात चमचा घालू नये.