रेंडरच्या आधी टूलरूम

मुलाखतींचे दिवस जवळ आले की आमच्या प्रॉडक्ट डिझाइनच्या वर्गात पोर्टफोलिओची धांदल सुरू होते आणि बहुतेक जण आधी रेंडर, म्हणजे वस्तूची कॉम्प्युटरवर केलेली हुबेहूब चित्रं, चकाचक करायला बसतात. माझं मत पक्कं आहे: वस्तू बनते कशी, हे पोर्टफोलिओत आधी दिसलं पाहिजे.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पाठीवरच्या फवारणी पंपाचा आहे. १६ लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच ओझं १६ किलो. डाव्या हाताने दांडा हापसत राहायचं, उजव्या हातात नळीची मूठ. माझ्या मामांनी त्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, कारण ओल्या हातमोज्यातून ती सटकते. ती पट्टी बघितली आणि मला माझा विषय मिळाला.

मुठीचा आकार ठरवणं त्यामानाने सोपं गेलं. खरं शिकले ते भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे प्लास्टिकचे पार्ट ओतायचे साचे (मोल्ड) जिथे बनतात तिथे. थ्रीडी प्रिंटमध्ये सरळसोट भिंत खपून जाते. मोल्डमधून पार्ट सुटायचा तर भिंतीला अंशभर तरी उतार लागतो, आणि पृष्ठभाग खरखरीत हवा असेल तर त्याहून जास्त. पकड यावी म्हणून मला खरखरीतच हवा होता. शिवाय रिब, म्हणजे भिंतीला आतून बळकटी देणारी पट्टी, भिंतीइतकीच जाड ठेवली तर प्लास्टिक थंड होताना बाहेरून खळगा पडतो. म्हणून रिब साधारण निम्म्या जाडीची. मुठीचे दोन अर्धे जुळतात ती रेघ नेमकी तळहाताखाली येत होती. दिवसभर फवारणाऱ्या माणसाला ती टोचणारच. तिथले काका म्हणाले, "रेघ जाणार नाही गं, पण तिला खाचेत बसव." आता जोड एका उथळ खाचेत आहे आणि पोर्टफोलिओचं पहिलं पान त्या खाचेच्या छेदचित्राचं आहे.

पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन स्कूलसाठी सीड या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या ज्युनियर्सनाही मी हेच सांगते. स्केचिंगचा सराव रोज कराच, पण एखादी संध्याकाळ टूलरूममध्ये काढा. आधी फोन करून जा. तयार मालापेक्षा रिजेक्ट झालेल्या पार्टचा क्रेट दाखवा म्हणा; एकेक पार्ट हातात घेऊन तो का नाकारला ते विचारा. लोक मनापासून सांगतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, मोल्ड गिऱ्हाइकाचा असतो.